अंदाज चुकला की जिलेबी

पाठकसरांच्या उजव्या बाजूला बसायची आमच्या ऑफिसात कुणालाच मुभा नव्हती. गिऱ्हाईक आलं की सर आधी खुर्ची डावीकडे ओढायचे, मग "बसा" म्हणायचे. कुणी चुकून उजवीकडे टेकलंच तर "तिकडे नको, इकडे या, इकडे बरकत आहे" म्हणून त्याला उठवायचे. आम्हाला वाटायचं, वास्तुशास्त्राची भानगड असणार. आमचा डिझायनर रोहित म्हणायचा, "राइट साइडशी सरांचा काही तरी पंगा आहे यार." बऱ्हाणपुरात अशा गोष्टींचं कुणाला नवल वाटत नाही. इथे प्रत्येक मालकाची एक तरी दिशा ठरलेली असते.

ऑफिस म्हणजे शनवारा दरवाजापासून थोडं आत, स्टेशनरीच्या एका दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सर, आतल्या खोलीत रोहित आणि मी. पाटी 'पाठक पब्लिसिटी'. पूर्वी सर भिंती रंगवून घ्यायचे, रिक्षावर भोंगा लावून गावभर फिरवायचे, सिनेमाच्या मध्यंतरात पाट्या दाखवायचे. मी तिथे लागले तोवर जाहिराती लोकांच्या फोनमध्ये शिरल्या होत्या आणि सरही त्यांच्या मागोमाग आत शिरले होते. साठी ओलांडलेला माणूस, चष्मा कपाळावर, फोन हात लांब करून धरलेला, आणि त्यातल्या आकड्यांशी रोजचं भांडण. फोन आला की तो कायम स्पीकरवर. समोरच्याचं सगळं खासगी बोलणं खालच्या स्टेशनरीवाल्यापर्यंत जायचं, पण सरांना त्याचं काही नसे.

इंटरव्ह्यूला मी पुण्यातल्या कोर्सचं सर्टिफिकेट घेऊन गेले होते. सरांनी ते हातात घेतलं, पण वाचलं नाही. चिमटीत धरून चोळलं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "कागद बरा आहे." नेपानगरच्या कागद कारखान्याच्या कॉलनीत वाढलेला माणूस तो. वडील विदर्भातून नोकरीला आले आणि कायमचे इथलेच झाले. त्यामुळे काहीही हाती आलं की सर आधी कागद बघायचे, मग मजकूर. लग्नपत्रिकासुद्धा. नवरीचं नाव विचारलं तर सांगता येत नसे, पण पत्रिकेत कंजुषी कुठे केली आहे ते बरोबर सांगायचे.

मग त्यांनी विचारलं, "घरून इथवर येताना किती बोर्ड दिसले?"

"पुष्कळ. पन्नास तरी असतील."

"त्यातला आठवतो कोणता?"

मी आठवायला लागले. कोचिंग क्लासचे, दवाखान्यांचे, कुणा नेत्याच्या वाढदिवसाचे. एकाचंही नाव धड आठवेना. शेवटी म्हटलं, "मावा जिलेबीचा."

"सकाळपासून काही खाल्लं नाहीस वाटतं."

खरंच खाल्लं नव्हतं.

"मग हेच बघ. पन्नास इंप्रेशन, माणूस एक. आठवला बोर्ड एक, तोही बोर्डाच्या गुणाने नाही, तुझ्या पोटाने. एवढं डोक्यात राहिलं तर उद्यापासून ये."

आणि त्यांनी खालून जिलेबी मागवली. ज्यांनी बऱ्हाणपूरची मावा जिलेबी खाल्ली नाही त्यांना कसं सांगू? काळपट, जाड, खव्याची, एक खाल्ली की दुपारच्या जेवणाची चिंता मिटते. माझी नोकरी अशी जिलेबीने सुरू झाली आणि पुढे या जिलेबीने आमचा पिच्छा सोडला नाही.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट आधी सांगून टाकते. एखादी जाहिरात तुमच्या फोनवर झळकली की ते झालं एक इंप्रेशन. संध्याकाळी तुम्ही पुन्हा फोन उघडलात, पुन्हा तीच झळकली, की दुसरं. तुम्ही तिच्याकडे बघितलं का, अंगठ्याने वर ढकलून दिली का, फोन मुलाच्या हातात होता का, याच्याशी इंप्रेशनला देणंघेणं नाही. मोहीम आखताना गिऱ्हाईक पहिलं विचारतं ते हेच, किती इंप्रेशन होतील? आणि सांगणाऱ्याला आकडा फुगवायला काही लागत नाही. लाखात सांगितलं की गिऱ्हाईकाचा चेहरा खुलतो. इतर एजन्सीवाले तेच करायचे. सर मात्र बोट वर करून म्हणायचे, "झळकली म्हणजे दिसली नाही, दिसली म्हणजे पोहोचली नाही, आणि पोहोचली तरी माणूस घरातून निघाला असं नाही." हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की सरांनी बोट वर केलं की रोहित आतून पुढचं म्हणून टाकायचा.

सरांच्या टेबलामागे एक लाकडी फळा होता, कॉलनीतल्या शाळेने टाकून दिलेला. मोहीम सुरू करण्याआधी गिऱ्हाईकासमोर त्यावर खडूने अंदाज लिहायचा. इंप्रेशन इतके, माणसं इतकी, आणि त्याखाली मोठ्या अक्षरात, दारात येतील ते इतके. मोहीम संपेपर्यंत फळ्याला कुणी हात लावायचा नाही. संपली की गिऱ्हाईकाला बोलवायचं, खरे आकडे शेजारी लिहायचे. अंदाज चुकला असेल तर सर सगळ्यांना जिलेबी द्यायचे. हा ऑफिसचा कायदा.

एका साडीच्या शोरूमची मोहीम होती. सरांनी सांगितलं होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट बायका दुकानात आल्या. मालक हार घेऊन आले. आम्हाला वाटलं, आज जिलेबी मालकांकडून. पाहतो तर सर तोंड पाडून खाली जिलेबी आणायला निघालेले.

"पाठकजी, जास्त आल्या ना!" मालक म्हणाले.

"जास्त आल्या तरी चूकच," सर म्हणाले. "तुमच्याकडे दाखवायला माणसं किती होती? चार. गादीवर जागा किती? अर्ध्या बाया जिन्यावर उभ्या राहून परत गेल्या. त्या आता जन्मात येणार नाहीत. मी बरोबर सांगितलं असतं तर तुम्ही चार माणसं जादा ठेवली असती."

मालकांनी हार टेबलावर ठेवला आणि निमूट जिलेबी खाल्ली.

त्याच शोरूमच्या जाहिरातीवरून दुसरा एक प्रकार झाला. एक दिवस जसोंडी गावचे एक म्हातारे शेतकरी जिना चढून वर आले. डोक्याला रुमाल, हातात फोन. दुकानात गेले होते, दुकानाने आमच्याकडे धाडलं होतं. फोन समोर धरून म्हणाले, "ही बाई मले रोज दिसून राह्यली. सकाळी दिसते, केळीले पाणी सोडाले गेलो तरी दिसते. माह्याशी काय काम हाये तिचं?"

रोहित हसू दाबत आत पळाला. झालं होतं असं, की त्याने जाहिरात दाखवायची माणसं इतकी निवडून-पाखडून ठेवली होती की थोड्याच लोकांवर ती पुन्हापुन्हा आदळत होती. इंप्रेशन भरपूर, पण त्यातली कितीतरी या एकट्या बाबांची. दुसऱ्या कुणी त्यांना 'ब्लॉक करा' म्हणून वाटेला लावलं असतं. सरांनी त्यांना डाव्या हाताला बसवलं, चहा मागवला आणि मला हाक मारली. "मीनल, बाहेर ये. आजवर आपण इंप्रेशन मोजत होतो, आज एक इंप्रेशन स्वतः चालत आलंय."

मग कितीतरी वेळ सर त्यांना विचारत राहिले. फोन केव्हा उघडता? घरात आणखी कुणाकडे आहे? सूनबाईच्या हातात केव्हा येतो? आवाज लावून बघता की मुका? बाबाही खुलले. कुणी एवढं विचारलं नसेल त्यांना कधी. उतरताना म्हणाले, "ते बाईचं काय ते सांगा मंग." सर म्हणाले, "बाबा, उद्यापासून येणार नाही ती." बाबांचा चेहरा जरा पडलाच. सवय झाली होती त्यांना.

सर सगळ्यांशी असेच गोड होते असं मुळीच नाही. चिडायचे, ओरडायचे, एकच गोष्ट दोनदा सांगायला लावायचे. "काय?" म्हणायचे, आपण सांगितलं की पुन्हा "काय?" मला हे दुसरं "काय?" अगदी झोंबायचं. मी मुळातच तापट. आपलं म्हणणं त्यांना पटत नाही म्हणून ते मुद्दाम असं करतात अशी माझी खात्री होती.

आता जुईबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय सरांचं चित्र अर्धं राहील. जुई माझी मुलगी, त्या वेळी चार वर्षांची. तिला जन्मापासून कमी ऐकू येतं. दोन्ही कानांत ऐकायचं मशीन होतं, पण मशीन घातलं की मूल बोलायला लागतं असं नसतं. ऐकायला आणि बोलायला दोन्ही शिकवावं लागतं, आणि शिकवणारी बाई इंदूरला. दर आठवड्याला एक दिवस पहाटे निघून बसने घाटातून जायचं, बाईंकडे थोडा वेळ बसायचं आणि परत. पोर जाताना उलट्या करायची, तिथे पोहोचली की पेंगायची. नवरा केळीच्या गाड्यांवर, अर्धा महिना बाहेर. इंदूरला बिऱ्हाड हलवणं आम्हाला शक्य नव्हतं, आणि हे असं किती वर्षं रेटता येईल ते दिसत नव्हतं. इंदूरच्या बाई एकदा स्पष्ट म्हणाल्या होत्या, याच वयात नियमाने झालं तर ही बोलेल.

माझ्या सुट्टीबद्दल सरांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. उलट एरवी दुपारी बालवाडी सुटली की "पोरीला इकडेच आण" म्हणाले. खिडकीपाशी तिच्यासाठी एक बुटकं स्टूल ठेवलं. ती खिडकी नेमकी सरांच्या उजव्या बाजूला. सगळ्या गावाला बंद असलेली ती बाजू एकट्या जुईला मोकळी. ती तिथे बसून एका बाजूने कोऱ्या कागदांवर चित्रं काढायची, सर काम करायचे. दोघांनाही एकमेकांकडून बोलण्याची अपेक्षा नसे, त्यामुळे त्यांचं छान जमायचं.

अशात इंदूरच्याच एका संस्थेच्या मॅडम आमचा जिना चढून आल्या. लहान मुलांचे कान तपासायचं एक दिवसाचं शिबिर त्यांना बऱ्हाणपुरात घ्यायचं होतं. प्रतिसाद चांगला दिसला तर पुढे दर आठवड्याला बोलणं शिकवणाऱ्या बाई पाठवायचा विचार होता. मी दारात उभी राहून ऐकत होते. "लेकिन पहले आप बताइए," मॅडम म्हणाल्या, "ऑनलाइन प्रचार से कितने लोगों तक बात जाएगी, और कितने बच्चे आएँगे? सौ के आसपास हों तो हम आगे की सोचें."

सरांनी उत्तराला दोन दिवस मागून घेतले. मला कशाचंच भान नव्हतं. दर आठवड्याला बाई, इथे, आमच्या गावात!

रोहितने आणि मी तक्ता तयार केला. नकाशावर शहराभोवती वर्तुळ काढलं, तारखा टाकल्या, आकडा आला लाखांत. त्यातून शंभर मुलं सहज निघत होती. सरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, याचा अर्थ काही तरी खटकलं होतं.

"हे वर्तुळ कुठवर गेलंय?"

रोहितने नकाशा मोठा केला. वर्तुळात महाराष्ट्रातलं रावेर होतं, त्याच्याही पलीकडची गावं होती.

"आणि शिबिरात कानाचं मशीन मिळवायला रहिवासाचे कागद कुठले लागणार?"

मध्य प्रदेशचे. आम्हा दोघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं, पण सरांच्या आलं. ही चूक आम्हीच करू जाणे. रोहितची आत्या रावेरची, माझं आजोळ तिकडचं, लग्नं तिकडे, खरेदी तिकडे. राज्याची हद्द मध्ये आहे हे आम्हाला बसचं तिकीट काढतानाही आठवत नाही. पण वर्तुळातली निम्मी इंप्रेशन त्या हद्दीपलीकडे पडत होती, आणि तिकडून आलेल्या आईला आम्हाला दारातूनच परत पाठवावं लागलं असतं.

सरांनी तेवढी माणसं वजा केली. मग म्हणाले, "आता देडतलाई, डोईफोडिया या गावांकडचे फोन कुणाच्या खिशात? बाप्याच्या. आणि मूल हाकेला वळत नाही हे घरात आधी कुणाला कळतं? आईला." पुन्हा वजाबाकी. "जसोंडीचे बाबा आठव. एकेका फोनवर किती वेळा आदळणार?" पुन्हा वजाबाकी. लाखांचं वितळत वितळत फळ्यावर खाली मोठ्या अक्षरात उरलं, चाळीस.

"सर, शंभर लिहा ना," मी म्हटलं.

"काय?"

"शंभर लिहा! त्यांना शंभर हवेत. चाळीस वाचून त्या येणारच नाहीत!"

"चाळीस येतील."

मग मात्र मी भडकले. आवाज चढवूनच म्हणाले, "चाळीस लिहिलंत तर माझी पोर आणखी किती वर्षं त्या बसमध्ये उलट्या करत जाणार आहे? तुम्हाला जुईचं काही आहे की नाही?"

रोहितने कॉम्प्युटरमध्ये डोकं खुपसलं. सरांनी खडू खाली ठेवला. ओरडले नाहीत. डाव्या हाताची खुर्ची ओढली, मला बसवलं.

"मीनल, तुला एक दिवसाचं शिबिर हवंय, का दर आठवड्याची बाई?"

"बाई."

"मग ऐक. शंभर लिहिले आणि चाळीस आले, तर त्या म्हणतील, बऱ्हाणपूर फुकट गेलं. परत या रस्त्याने येणार नाहीत. चाळीस लिहिले आणि चाळीस आले, तर पुढे आपण जे सांगू ते त्या ऐकतील. आपल्याला त्यांच्याकडून एक दिवस नाही घ्यायचाय, पुढची वर्षं घ्यायचीत. मला जुईचं आहे म्हणूनच शंभर लिहीत नाही."

मला पटलं असं म्हणणार नाही. मी उठून आत गेले. सरांनी मॅडमना फोन लावला, अर्थात स्पीकरवर, आणि चाळीस सांगितले. मग मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, एक दिवसाचं शिबिर घेऊ, पुढचं नंतर पाहू. मला रडू आलं.

पण चाळीस म्हणून हा माणूस स्वस्थ बसला नाही. आता ते चाळीस आणायचे कसे, याच्यामागे लागला. 'निःशुल्क श्रवण शिबिर' वगैरे मजकूर रोहितने केला होता, तो काढून टाकला. "हे वाचून कुणाला काय कळणार?" त्याऐवजी एक छोटासा व्हिडिओ. मूल पाठमोरं बसलंय, मागे आई चमच्याने वाटी वाजवतेय, मूल खेळतंच आहे. आणि एकच प्रश्न, तुमचं मूल वळून बघतं का? हिंदीतून एक, इकडच्या मराठीतून एक. पाठमोरं मूल जुईच होती, मशीन काढून बसलेली. वाटी वाजवणारा हात माझा. वाजवताना माझ्या बांगड्यांचाही आवाज आला. सर म्हणाले, "तसाच राहू दे."

जाहिरात संध्याकाळच्या जेवणाच्या सुमारासच दाखवायची, कारण तेव्हा बापाचा फोन घरात चार हातांतून फिरतो. गावाच्या बाजाराच्या आदल्या दिवशी जास्त, कारण दुसऱ्या दिवशी माणसं घराबाहेर पडतात, एकमेकांना विचारतात. वर्तुळ पुसून टाकलं, त्याऐवजी गावं एकेक करून निवडली. हे सगळं त्यांना कुठून सुचलं ते मला ओळखू येत होतं. जसोंडीच्या बाबांना चहा पाजून जे जे विचारलं होतं, ते सगळं इथे कामाला आलं होतं.

शिबिराच्या दिवशी सर सकाळपासून, शिबिर ज्या शाळेत होतं तिच्या फाटकात उभे. इस्त्रीचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पहिला तास कुणीच आलं नाही. मी देवाचं नाव घेत होते. मग देडतलाईकडची एक जीप आली, त्यातून बायका उतरल्या, कडेवर मुलं. मग बसने काही. दुपारी जसोंडीचे बाबा स्वतः एका नातवाला खांद्यावर घेऊन आले. "ते वाटीवालं दिसलं मले," म्हणाले, "तवा याले घरी वाजवून पाह्यलं. वळलाच नाही." सर त्यांच्या गळ्यातच पडले.

संध्याकाळी मोजदाद झाली. चाळीसला एखाददुसरं इकडेतिकडे. मॅडम फाटकात आल्या आणि सरांना हात जोडून म्हणाल्या, "पाठकजी, हर शहर में हमें लाखों सुनाए जाते हैं. पहली बार किसी का आँकड़ा सच निकला." मग लगेच विचारलं, दर आठवड्याला बाई पाठवल्या तर किती मुलं टिकतील?

सर म्हणाले, "सात-आठ. उनमें से दो बारिश में नहीं आएँगे."

मॅडम मोठ्याने हसल्या. "सात-आठ के लिए भेजूँगी," म्हणाल्या. मग जाता जाता सरांकडे जरा निरखून बघत म्हणाल्या, "एक बार आप भी मशीन पर बैठ जाइए ना." सर म्हणाले, "मैं आज के चालीस में नहीं था!" सगळे हसले. मीही हसले, आणि ते तिथेच विसरले.

बाई यायला लागल्या. शाळेच्या एका खोलीत, दर आठवड्याला. आमची इंदूरची वारी सुटली ती कायमची. आज जुई दुसरीत आहे, वर्गात कविता म्हणते. तिच्या तोंडून निघणाऱ्या प्रत्येक शब्दात पाठकसरांच्या त्या चाळीसचा वाटा आहे. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत, आणि हे म्हणायला मला कसलाही संकोच वाटत नाही.

पण सुरुवातीला शब्द फार हळू आले. बाई पहिल्याच दिवसापासून तिला शिकवत होत्या, कुणाशी बोलायचं तर समोर जाऊन उभं राहायचं, तोंड दिसू द्यायचं, मग बोलायचं. आधी "आई" आलं, मग "पाणी", मग "नको" आणि नंतर बरेच दिवस फक्त "नको". सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात एक अंदाज लिहून ठेवला. 'जुई मला हाक मारेल, दिवाळीपर्यंत.' मोहिमा आल्या, गेल्या, फळा पुसला जायचा, तो कोपरा सोडून.

दिवाळी आली. जुईने हाक मारली नाही. सरांनी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना जिलेबी दिली आणि हसत म्हणाले, "अंदाज चुकला." पण कोपरा पुसायला गेले तेव्हा त्यांचा हात जरा रेंगाळला. मला वाईट वाटलं. जुई तर दिवाळीच्या आधीपासून त्यांच्या शेजारी बसून काही ना काही पुटपुटायची, "ओबा, ओबा" असं काही तरी. मला वाटायचं चित्रातल्या कुणाशी तरी बोलतेय.

पुढच्या उन्हाळ्यात सरांनी ऑफिस रोहितच्या आणि माझ्या हवाली केलं. सरांच्या बायकोचे, म्हणजे काकूंचे गुडघे दुखायचे, जिने होत नव्हते, आणि नाशिकची मुलगी केव्हाची बोलावत होती. निघताना म्हणाले, "फळा टाकू नका. आणि जिलेबीचं विसरू नका." एवढाच निरोप समारंभ.

आम्ही त्यांना पोहोचवायला स्टेशनवर गेलो. मी, रोहित, जुई, आणि प्रवासात खायला म्हणून जिलेबीचा पुडा. काकू बाकावर बसल्या होत्या. सर सामानाशी उभे राहून हमालाशी बोलत होते, त्यांची उजवी बाजू आमच्याकडे. जुई माझा हात सोडून थोडी पुढे गेली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "आजोबा!"

रोहितने माझ्याकडे बघितलं. माझे डोळे भरून आले. सर हमालाशी बोलतच होते.

"आजोबा!" तिने पुन्हा हाक मारली. ते वळले नाहीत.

मी पुढे व्हायला लागले, तोवर जुईच माझ्याकडे वळली. तिचा चेहरा अगदी शांत होता. तिच्या तुटक बोलीत म्हणाली, "आजोबा ऐकत नाही. रोज ऐकत नाही."

त्या एका क्षणात मला सगळं उलगडलं. डावीकडची खुर्ची, स्पीकरवरचा फोन, दुसरं "काय?", मॅडमचं ते बोलणं. आणि खिडकीपाशी, उजव्या हाताला, त्या बुटक्या स्टुलावर बसून कितीतरी महिने चाललेलं ते "ओबा, ओबा".

जुई थांबली नाही. बाईंनी शिकवलं होतं तसं तिने केलं. सरांना वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, शर्ट ओढला, त्यांनी खाली बघेपर्यंत वाट पाहिली, तोंड वर केलं आणि म्हणाली, "आजोबा."

सर जड गुडघ्यांनी खाली बसले, तिच्या उंचीवर.

"काय म्हणालीस?"

"आजोबा."

"केव्हापासून म्हणतेस गं?"

"रोज," जुई म्हणाली. त्यात काय मोठंसं, अशा सुरात.

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, कपाळावर चढवला, पुन्हा डोळ्यांवर आणला. माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे रोज झळकत होती, मीनल. पोहोचत नव्हती." मग म्हणाले, "आणि दिवाळीचा माझा अंदाज बरोबर होता. ती जिलेबी फुकट गेली माझी."

मी पुडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तिथेच फलाटावर सोडला आणि पहिली जिलेबी जुईला भरवली. मी म्हटलं, "सर, नाशिकला गेल्यावर आधी कान दाखवायचे." या वेळी मी डाव्या बाजूला उभी होते. त्यांनी दुसरं "काय?" विचारलं नाही. "दाखवतो," म्हणाले, अगदी शहाण्या मुलासारखे.

गाडी आली. रोहितने सामान चढवलं, काकूंना बसवलं. सर खिडकीशी बसले, पण मग उठून समोरच्या सीटवर गेले, डावा कान फलाटाकडे येईल असे. गाडी हलली तशी जुई खिडकीच्या बाजूने चालायला लागली, मी तिचा हात धरून. ती हाक मारतच होती, "आजोबा, आजोबा", गाडीच्या आवाजात तिचं तिलाही ऐकू येत नसेल. सरांनी हात कानामागे धरला होता. डबा पुढे गेला, फलाट संपत आला, तरी ते तसाच कानामागे हात धरून, खिडकीच्या गजांना गाल टेकवून, वळून बघत होते.